कुत्रा बिघडला की दोष कुणाचा?

‘कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो.’ कुत्रा कुणाच्या अंगावर धावून गेला, चावला किंवा दिवसभर भुंकत राहिला की हे वाक्य ठरलेलं. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याला मुक्या जिवाची बाजू घ्यायची असते. पण यात नुकसान कुत्र्याचंच होतं. ठपका येईल या भीतीने लोक पहिला चावा लपवतात, ‘खेळता खेळता दात लागला’ म्हणतात, आणि मदत मागतात ती दोन-तीन चाव्यांनंतर. तोवर सुधारणेची सोपी वेळ निघून गेलेली असते.

माझं मत सरळ आहे. समस्या सुरू कशामुळे झाली, याचं उत्तर पुष्कळदा मालकापाशी नसतंच. ती दिसल्यावर काय केलं, याचा हिशेब मात्र पूर्णपणे मालकाचा.

आधी मालकाच्या हाताबाहेरचं. पिल्लाला जग ओळखीचं वाटायला लागण्याचा नाजूक काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये आपलं दीर्घ संशोधन प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हे माहीत आहे. पिल्लू आठव्या आठवड्यात घरी आलं तरी या काळाचा निम्मा भाग आधीच संपलेला असतो. त्या आठवड्यांत ते कोंदट खोलीत वाढलं, माणसांचे हात त्याला लागलेच नाहीत, किंवा पाचव्या आठवड्यातच आईपासून तोडलं, तर त्याची किंमत नंतरचा मालक भरतो. आई भित्री असेल तर भित्रेपणाचा काही भाग जन्मासोबतच येतो. आणि सहा महिन्यांचा कुत्रा दत्तक घेणाऱ्याला तर तो काळ बघायलाही मिळालेला नसतो. त्याच्या कुत्र्याला छत्रीची भीती वाटते म्हणून त्यालाच बोल लावणं अन्याय आहे.

उरलेल्या चार-सहा आठवड्यांचं काय करायचं, हे मात्र मालकाच्या हातात असतं आणि इथेच फार चुका होतात. ‘सगळ्या लसी होईपर्यंत बाहेर काढायचं नाही’ हा सल्ला अक्षरशः पाळला की पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत चार भिंतींतच राहतं. अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेची भूमिका वेगळी आहे: लसींचा पहिला डोस होऊन किमान सात दिवस झाले की सातव्या-आठव्या आठवड्यापासून स्वच्छ जागी, निरोगी पिल्लांसोबतचे वर्ग सुरू करता येतात. अनोळखी कुत्र्यांच्या वावराची जमीन टाळा, पिल्लाला कडेवर घेऊन जग दाखवा. टोपी, काठी, दाढी, चाकाची खुर्ची, गाड्यांचा आवाज, लहान मुलं. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. पिल्लाला या हातातून त्या हातात फिरवू नका. त्याने स्वतःहून पुढे जावं आणि वाटलं तर मागे फिरावं. मागे फिरायची सोय नसेल तर ओळखीच्या नावाखाली तुम्ही भीतीच शिकवत असता.

जातीबद्दल थोडक्यात. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीमुळे सुमारे ९ टक्केच समजावता येतात. म्हणून जात बघून कुत्र्याला गुन्हेगार ठरवू नका, आणि ‘ही जात चावत नाही’ म्हणून निर्धास्तही राहू नका.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: दुखणं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेला सावध अंदाज असा की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी साधारण एक तृतीयांशांत काही ना काही वेदना असते. पाठीवर हात ठेवला की वळून दात दाखवणारा, सोफ्यावरून उठवलं की गुरगुरणारा, जिन्याशी थबकणारा, अचानक इतर कुत्र्यांना जवळ येऊ न देणारा कुत्रा आधी व्हेटकडे न्या. कान, दात, कंबर, गुडघे आणि गरज असेल तर थायरॉइड तपासून घ्या. दवाखान्यात भीतीमुळे कुत्रा लंगडणंही लपवतो, म्हणून घरीच व्हिडिओ काढा: झोपेतून उठताना, जिना चढताना-उतरताना, आणि बाजूने दिसेल असा चालताना. व्हेटला योग्य वाटलं तर ते काही आठवडे वेदनाशामक देऊन फरक पाहतात. घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतं. म्हातारा कुत्रा रात्री उठून रडतो, कोपऱ्यात अडकल्यासारखा उभा राहतो, घरात शू करतो, तर तो हट्ट नसून मेंदूच्या वार्धक्याचा आजार असू शकतो. दुखणाऱ्या कुत्र्याला शिस्त लावण्यात महिने घालवलेले पाहिले की फार वाईट वाटतं.

आता मालकाने घडवलेल्या सवयी. अंगावर उड्या, जेवताना भुंकून मागणं, पट्टा ओढणं या बहुतेक वेळा आपणच शिकवलेल्या असतात. उडी मारल्यावर हाताने ढकललं, ओरडलं, तरी कुत्र्याच्या दृष्टीने लक्ष मिळालंच. त्याहून वाईट म्हणजे नऊ वेळा दुर्लक्ष आणि दहाव्या वेळी ‘जाऊ दे, देऊन टाक’. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने सवय सर्वांत चिवट होते. आणि देणं बंद केल्यावर पहिले काही दिवस भुंकणं कमी न होता वाढतं. तिथेच घरातलं कुणीतरी हार मानतं, आणि कुत्रा शिकतो की जास्त जोरात भुंकायचं असतं. उपाय फक्त दुर्लक्षाचा नाही. त्याऐवजी काय करायचं ते शिकवा: चारही पाय जमिनीवर असतानाच, एखाद्या सेकंदाच्या आत, खालच्या पातळीवर खाऊ द्या. घरातल्या सगळ्यांनी सारखंच वागायचं. एक जण फुटला तर बाकीच्यांची मेहनत वाया.

शिक्षेबाबत मी अजिबात मऊ नाही. गुरगुरणं हा कुत्र्याचा इशारा आहे. त्याआधीही तो ओठ चाटतो, जांभई देतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, क्षणभर ताठ गोठतो. हे सगळं आपण पाहिलं नाही म्हणून तो गुरगुरतो. त्यावर फटका मारला तर भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो. मग ‘काही न सांगता चावला’ असं म्हणायची वेळ येते. अमेरिकेत वर्तन चिकित्सालयात आलेल्या कुत्र्यांच्या मालकांचं एक सर्वेक्षण २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. कुत्र्याला मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्या मालकांपैकी ४३ टक्क्यांना, आणि त्याला उलथा पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना उत्तरादाखल आक्रमकताच मिळाली होती. ‘तू अल्फा हो’, म्हणजे कळपाचा दांडगा म्होरक्या हो, हे खूळ पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आलं. ती कल्पना लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्लं. तरीही काटेरी आणि विजेचे पट्टे विकणारे ट्रेनर आहेतच. विश्वासाने पैसे देऊन फसलेल्या मालकाइतकाच, किंबहुना जास्त, दोष त्या ट्रेनरचा आहे.

रस्त्यात दुसरा कुत्रा दिसला की भुंकत झेपावणं ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. यात कळीची गोष्ट अंतर. तुमचा कुत्रा समोरच्याकडे बघतो, पण अजून तुमच्या हातातला खाऊ घेऊ शकतो, ते अंतर शोधा. कुणासाठी ते १५ मीटर असेल, कुणासाठी ६०. तिथे उभे राहा. दुसरा कुत्रा दिसला की मग वाटाण्याएवढे मऊ, वासाचे तुकडे एकामागून एक द्या. तो नजरेआड झाला की देणं बंद. क्रम महत्त्वाचा. आधी खाऊ दाखवला आणि मग कुत्रा दिसला, तर काही दिवसांत खाऊ पाहूनच तो आजूबाजूला धोका शोधू लागतो. पाच-दहा मिनिटांत थांबा. समोरचा दिसताच तो आपणहून तुमच्याकडे वळायला लागला, आणि हे सलग काही दिवस टिकलं, की एक-दोन मीटर जवळ जा. भुंकला तर तुम्ही जवळ गेला होतात; रागावू नका, मागे या. खाऊ नाकारणं किंवा बोटं चावल्यासारखा ओरबाडून घेणं, हीसुद्धा अंतर कमी पडल्याची खूण.

लोकांचं गणित बिघडतं ते उरलेल्या तेवीस तासांत. सकाळी दहा मिनिटं उत्तम सराव, आणि संध्याकाळी गर्दीच्या वाटेवर पाच कुत्र्यांशी समोरासमोर गाठ. ताण साचत जातो आणि पाचव्या वेळी एरवी चालून गेलं असतं तेही चालत नाही. सरावाच्या काळात फिरण्याची वेळ आणि रस्ता बदला. एखादा दिवस बाहेर नेलंच नाही, घरी वास शोधायचे खेळ घेतले, तरी बिघडत नाही. पट्टा छातीचा, दोरी दोन-तीन मीटरची आणि सैल.

भांड्याजवळ गेलं की गुरगुरतो? भांडं काढून ‘मालक कोण’ दाखवू नका. दुरून जाताना भांड्यातल्या खाण्यापेक्षा चांगलं काहीतरी टाका आणि चालते व्हा.

एकटं ठेवल्यावर घर फोडणारा कुत्रा सूड घेत नसतो. कॅमेरा लावून पाहा. घाबरणारे बहुतेक कुत्रे पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकू, रडू, दार खरवडू लागतात. सराव सेकंदांपासून सुरू होतो, आणि त्या काळात त्याला सहन होतं त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. हे कठीण आहे, म्हणून शेजारी-नातेवाइकांची मदत ठरवावी लागते. तीव्र भीतीसाठी व्हेट फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन ही चिंता कमी करणारी औषधं देऊ शकतात. त्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि ती मनाने बंद करायची नसतात. औषध देणारा मालक आळशी, हा समज सोडा.

जिथे मालकाला कसलीच सूट नाही, ती गोष्ट म्हणजे इतरांची सुरक्षितता. सुधारणेला महिने लागतात, फाटक आजच बंद करता येतं. ‘तो काही करत नाही’ असं लांबून ओरडणं म्हणजे ताबा नव्हे. झेपावणारा कुत्रा मोकळा सोडायचा नाही, लहान मुलासोबत कुठलाच कुत्रा नजरेआड ठेवायचा नाही. चावलेल्या कुत्र्याला जाळीचा टोपलीवजा मझल (चावू नये म्हणून तोंडावर चढवायचं आवरण) शिकवा, ज्यात तोंड उघडून धाप टाकता येते, पाणी पिता येतं. आधी आतून खाऊ खाऊ द्या, मग नाक आत असताना काही सेकंद, मग बंद लावून, मग घरात, शेवटी बाहेर. घाईने बांधलात तर तो मझल पाहूनच पळेल. चावा झालाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायला लावा, डॉक्टरकडे पाठवा आणि रेबीजची लस कधी दिली ते खरं सांगा.

काही कुत्रे एवढं सगळं करूनही पूर्ण बरे होत नाहीत. तेव्हा दुसरं घर शोधणं हा पळपुटेपणा नाही, पण इतिहास लपवून देणं हा गुन्हाच. नव्या घराला लिहून द्या: कुणाला चावला, शरीरावर कुठे, दात आत रुतले की फक्त ओरखडा, त्याआधी नेमकं काय घडलं होतं, आजवर काय काय करून पाहिलं आणि कोणतं औषध किती मात्रेत चालू आहे.