तोपर्यंत हे व्यायाम करा

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या महिन्यात परत तेच सुरू झालं. कोणीतरी व्हिडिओ टाकला, अमेरिकेतल्या एअरपोर्टवर वर्दीतल्या सैनिकांसाठी लोक उठून टाळ्या वाजवतायत, खाली ओळ "याला म्हणतात सैनिकाचा मान, नाहीतर आपल्याकडे". त्यावर दुसऱ्याचं उत्तर की आपल्याकडे पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना फुकट आहे, अजून काय पाहिजे, माणसाने जरा स्वतःची तब्येत स्वतः सांभाळावी, तिकडचे माजी सैनिक बघा योगा करून बरे होतायत आणि तोही आपलाच योगा. त्यावर बाकीच्यांनी योगाची खिल्ली उडवली. मग मला टॅग. "तू तिकडंच आहेस, सांग की."

म्हणलं सांगतो, पण ग्रुपवर मावायचं नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी टेक्सासमधे राहतो, चौदा वर्षं झाली. शेजारचे आजोबा व्हिएतनामला जाऊन आलेले, वय पंच्याहत्तरच्या पुढे. शनिवारी सकाळी आम्ही दोघं एकाच वेळी झाडांना पाणी घालतो, ओळख त्यातूनच वाढली. त्यांच्या कानात कायम शिट्टी वाजते, म्हणजे कुकरची शिट्टी झाली आणि थांबलीच नाही असं धरा. तोफा-बंदुकांजवळ राहिलेल्यांना हे फार होतं, इथल्या माजी सैनिकांच्या खात्याकडे, ज्याला सगळे नुसतं व्हीए म्हणतात, नुकसानभरपाई मिळणाऱ्या त्रासांत हा कानातला आवाज एक नंबरला आहे. तर आजोबांनी कानाच्या स्पेशालिस्टची वेळ मागितली, तारीख मिळाली लांबची, आणि तोपर्यंत काय, तर एक पत्रक. रात्री पंखा लावून झोपा, कॉफी कमी करा, दीर्घ श्वास घ्या, फोनवर पावसाचा आवाज लावा. त्यांनी मला फोन दाखवला, त्यात पावसाचे पंधरा प्रकार, पत्र्यावरचा, तंबूवरचा, पानांवरचा. मी म्हणलं आमच्या महाबळेश्वरला हे जून ते सप्टेंबर फुकट मिळतं. हसले, आणि मग म्हणाले, "अरे पंखा मी १९७० पासून लावतोय. मला युक्ती नकोय, डॉक्टर हवाय."

आता व्हीएची बाजू पण सांगतो, कारण योगावरून ग्रुपवर जी खिल्ली चालली तीही खरी नाही. २०१७ पासून तिथे योगा, ताई ची, ध्यान, ॲक्युपंक्चर हे अधिकृतपणे उपचारात धरलेलं आहे, आणि त्यामागे एक मोठं कारण म्हणजे अफूच्या जातीच्या दुखणं मारणाऱ्या गोळ्या आधी सढळ हाताने दिल्या गेल्या आणि माणसं त्यात अडकली. हेच आजोबा पाठीसाठी खुर्चीत बसून करायच्या योगाला जातात आणि त्यांना झोप बरी लागते, ते स्वतः सांगतात. पण तिथे शिकवणारी बाई समोर असते, पाठ आधी डॉक्टरने तपासलेली असते. कानाच्या वेळी डॉक्टर नाही म्हणून पत्रक आलं, आणि आजोबांची चिडचिड तिथे आहे.

आता आपल्याकडे या. आमचे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. गाव सातारा जिल्ह्यातलं, नाव सांगत नाही, उगाच त्यांना ताप नको. आमच्याकडे घरटी एक फौजी ही म्हण नाही, खरंच तसंय, अपशिंगे मिलिटरी तर सगळ्यांना माहितीच, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. काकांचे दोन्ही गुडघे गेलेत. माजी सैनिकांसाठी एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे, म्हणजे आधी पॉलिक्लिनिक, तिथल्या डॉक्टरने रेफरल दिला की पॅनेलवरचं खाजगी हॉस्पिटल, तिथे कॅशलेस. कागदावर झकास. काका पहाटेची एसटी धरून गेले, कार्ड लावलं, नंबर आला, डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं वजन कमी करा, जिना टाळा, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, आणि व्यायामाचा झेरॉक्स कागद दिला. काकांचं शेत आल्याचं. मला फोनवर म्हणाले, "आरं बाळा, उकिडवं बसायचं न्हाई तर आलं काय हुभ्यानं उपटू?" गोळ्यांच्या चिठ्ठीवर चारपैकी दोन नावांपुढे एनए, म्हणजे नॉट अव्हेलेबल, बाहेरून घ्या, बिल जपून ठेवा. पुढे रेफरल मिळाला तेव्हा पॅनेलवरच्या हॉस्पिटलच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली सध्या कॅशलेस घेत नाही, मागची बिलं अडकलीत. त्या मुलीवर काका चिडले नाहीत. हॉस्पिटलांची बिलं थकतात ही तक्रार जुनीच आहे, संसदेच्या संरक्षण समितीपर्यंत जाऊन आलीय.

मग तिकडचं बरं की आपलं? काही बाबतीत आपलं बरं, हे ग्रुपवर कोणाला पटणार नाही. ईसीएचएसमधे काकीचंही कार्ड आहे. मी आजोबांना हे सांगितलं तर विश्वासच बसेना, कारण व्हीए मुख्यतः सैनिकापुरतं, बायकोला मिळायला नवरा सेवेतल्या दुखापतीमुळे पूर्ण कायमचा अपंग असावा किंवा त्यातच गेलेला असावा असल्या अटी. आणि खुद्द सैनिकालाही सरसकट नाही, किती टक्के अपंगत्व, उत्पन्न किती, हे बघून आठ गट पाडलेत. उलट आजोबांच्या नेहमीच्या गोळ्या पोस्टाने दारात येतात, एनए बिनए काही नाही, ते ऐकून काका गप्पच झाले.

पण मला खरं जे म्हणायचंय ते वेगळंच आहे. अमेरिकेत किती दिवस थांबायचं हे नियमात लिहिलंय. २०१८ साली कायदा झाला, जून २०१९ पासून लागू, साध्या डॉक्टरसाठी किंवा मानसिक उपचारासाठी २० दिवसांत आणि स्पेशालिस्टसाठी २८ दिवसांत व्हीएत वेळ मिळत नसेल तर सरकारी खर्चाने बाहेरच्या डॉक्टरकडे जाता येतं, गाडीने सरासरी ३० किंवा ६० मिनिटांपेक्षा लांब असेल तरीही. आजोबांनी तो २८ चा आकडा धरून फोनवर फोन केले. बाहेरचा डॉक्टर पण लगेच मिळाला नाही, ते सोडा, पण बोलायला हातात काहीतरी होतं.

कोणी म्हणेल आकडे काय, खोटे लिहिता येतात. लिहिलेच होते. २०१४ मधे ॲरिझोनात फीनिक्सच्या व्हीएत तेच उघडकीला आलं, १४ दिवसांचं टार्गेट होतं, ते जमेना म्हणून खऱ्या वेटिंग लिस्ट लपवल्या, १,७०० माजी सैनिक अधिकृत यादीतच नव्हते, आणि तपासणीसाठी काढलेल्या केसेसमधे पहिल्या भेटीला सरासरी ११५ दिवस लागलेले निघाले. या खात्याचे तेव्हाचे मंत्री एरिक शिन्सेकी, जे स्वतः व्हिएतनामला पायाने जखमी झालेले जनरल, त्यांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे आकडा ठरलेला होता म्हणून तर खोटं पकडता आलं. काकांच्या गुडघ्याला पहिल्या चिठ्ठीपासून आज किती दिवस झाले हे काकी सोडून कोणी मोजत नाही. नुसतं "होईल" असतं, आणि तोपर्यंत झेरॉक्स.

स्वतःची काळजी स्वतः घ्या हे फौजी माणसाला सांगायची गरजच काय, हा माणूस पंचविशीत पाठीवर ओझं घेऊन बर्फात चालला, रोज सकाळी पीटी केली, शिस्त त्याला तुम्ही-आम्ही शिकवणार? व्यायामाने काहीच होत नाही असं मी म्हणत नाहीये, गुडघ्याच्या दुखण्यावर मांडीचे स्नायू बळकट करणं हा पहिला उपाय आहेच. फक्त तो उपायाच्या ठिकाणी असावा, रांगेतून माणूस कमी करायला नको.

आणि हो, इथे बसून हे लिहायला माझं काय जातंय, काकांना एसटीत चढवायला चुलतभाऊ जातो, रजा त्याची जाते, मी दिवाळीला पैसे पाठवतो आणि सल्ले देतो. म्हणजे मी पण एक पत्रकच.

तरी एक सल्ला दिलाच. म्हणलं काका, सगळं तारीखवार लिहून ठेवा, कधी गेलात, काय मिळालं, काय नाही. वाटलं हो म्हणतील आणि विसरतील. पण काका पलटणीत बरीच वर्षं कोत सांभाळायचे, कोत म्हणजे हत्यारांची खोली, रोज संध्याकाळी रायफली मोजायच्या, एक कमी भरली तर आख्खी कंपनी जेवायची सोडून हुडकत बसायची. परवा चुलतभावाने त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, गाडी किती वाजता, नंबर कितवा, गोळी मिळाली का. त्यात लाल पेनाने एनए, एनए, परत एनए. शेवटचा रकाना "व्यायाम", त्यात सकाळ-संध्याकाळ दोन दोन बरोबरच्या खुणा, सत्तेचाळीस दिवस, एकही खाडा नाही.