अठ्ठेचाळीस फ्लॅटचं सरकार

सोसायटीच्या २०१९च्या वार्षिक सभेत मी बटाटेवडे मोजायला खाली गेलो होतो. वर आलो तोवर मी सेक्रेटरी झालेलो होतो. सूचक, अनुमोदक, टाळ्या, सगळं उरकलेलं. "वर्षभर काही काम नसतं हो. टाकी धुऊन घ्यायची आणि दिवाळीला वॉचमनला पाकीट," मावळते सेक्रेटरी म्हणाले. माणूस खोटं बोलत नव्हता, त्यांच्या सात वर्षांत खरंच तेवढंच झालं होतं. पण ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले ते नेमके आमच्या पुण्यात, दुबईहून परतलेले. पुढच्या पंधरा दिवसांत माझं खातं पाण्याच्या टाकीवरून थेट गृह आणि आरोग्यावर गेलं.

२४ मार्चच्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांचं लॉकडाउन जाहीर झालं. साडेआठला पहिला फोन.

"सेक्रेटरी, उद्या दूध येणार का?"

मी म्हटलं, दूध अत्यावश्यक सेवेत आहे, येणार.

"ते दिल्लीचं झालं. आपल्याकडं येणार का?"

तेव्हा मला कळलं की या लोकांच्या हिशेबानं सरकारं तीन आहेत. एक दिल्लीत, एक मुंबईत आणि एक बी-४०३ मध्ये, म्हणजे माझ्या घरात. पैकी पहिल्या दोघांना फोन लागत नाही.

आदेश येतच राहिले. १४ एप्रिलचं ३ मे झालं, ३ मेचं १७ मे, १७ चं ३१. मध्येच रेड झोन, ऑरेंज झोन आणि कंटेन्मेंट झोन आले. आधी राज्याचा कागद, मग महापालिकेचा, मग पोलिसांचा. तिन्ही माझ्या फोनवर येईपर्यंत रात्रीचे अकरा वाजलेले असायचे. भाषा अशी, की 'वगळून' या शब्दाच्या अलीकडचं चालू की पलीकडचं, यावर मी आणि खजिनदार अर्धा तास भांडलेलो आहोत. शेवटी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नायब तहसीलदारांना शरण गेलो. त्यांचं अख्खं आयुष्य असले कागद काढण्यात गेलेलं. मी आदेश छापून त्यांच्या दाराखालून आत सरकवायचो, ते लाल पेनानं खुणा करून तसाच परत सरकवायचे. एकदा समासात बारीक अक्षरात शेरा होता, 'मसुदा कच्चा आहे. हेतू बरा दिसतो.'

पहिल्या आठवड्यातच सोसायटीत दोन पक्ष पडले, बंदवाले आणि उघडावाले. टीव्हीवर तज्ज्ञ मंडळी जीव महत्त्वाचा की पोट, यावर रोज रात्री भांडत होती. आमच्याकडं वाद इतका गहन नव्हता. ज्यांचा पगार किंवा पेन्शन एक तारखेला बँकेत जमा होत होती ते बहुतेक सगळे बंदवाले निघाले, आणि ज्यांना शटर होतं ते उघडावाले. मी स्वतः घरून काम करणारा पगारदार, त्यामुळे कडक बंदवाला. साथीच्या रोगांची मला जेवढी माहिती होती, तेवढीच उघडावाल्यांनाही होती.

पक्षांतरबंदी मात्र नव्हती. ए-४०१ मधले काका एप्रिलभर 'मिलिटरी बोलवा' म्हणत होते. गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांवरसुद्धा त्यांना मिलिटरीच हवी होती. ४ मेला दारूची दुकानं उघडली, तेव्हा सकाळी आठला काका छत्री, पाण्याची बाटली आणि कापडी पिशवी घेऊन गेटवर हजर. "सेक्रेटरी, माणसानं किती दिवस कोंडून घ्यायचं? अर्थचक्र फिरायला नको?" दुपारी दीड वाजता परतले. रांगेत सहा-सहा फुटांचं अंतर होतं, कुणी मध्ये घुसलं नाही, मराठी माणूस मनात आणलं तर शिस्त पाळू शकतो, असं त्यांनी वॉचमनला डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. पिशवीवर सॅनिटायझर मारून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा मिलिटरी.

ए-२०४ मध्ये मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला तरुण राहतो. त्यानं ग्रुपवर एकदाही वाद घातला नाही. मेअखेरीस जिन्यात भेटला आणि मास्क हनुवटीवर ओढून म्हणाला, "मेंटेनन्स जुलैमध्ये एकदम दिला तर चालेल का?" मी चालेल म्हटलं. ठराव वगैरे केला नाही. इतिवृत्तात हे सापडणार नाही.

मग जून तोंडावर आला आणि मुख्यमंत्र्यांनी 'पुनश्च हरिओम' म्हटलं. ५ जूनपासून रस्त्याच्या एका बाजूची दुकानं सम तारखेला, दुसऱ्या बाजूची विषम तारखेला. त्याच आठवड्यात आमच्या मिक्सरचा कपलर तुटला. दुरुस्तीवाला एका बाजूचा, त्याच्याकडं कपलर नाही. सुटे भाग विकणारा बरोबर समोरचा, त्याला उद्या उघडायचं. सुटा भाग उद्या आणला तर बसवणारा उद्या बंद, बसवणारा उघडा असेल तेव्हा भागवाला बंद. चौथ्या दिवशी चटणी झाली. तोवर ग्रुपवर 'विषाणूला सम-विषम कळतं का' हा प्रश्न अकरा जणांनी विचारून झाला होता. तहसीलदारांनी एकाच ओळीत उत्तर दिलं, 'विषाणूला कळत नाही, म्हणून गर्दी निम्मी करतात.' त्यांना कुणी लाइक दिलं नाही. २८ जूनला सलून उघडली, तीही केस कापा पण दाढी करू नका या अटीवर. त्यावरचा वाद मी इथं देत नाही. त्यात काही उच्चार असे होते की ते मास्कमधून ऐकू आले हेच आश्चर्य.

माझं सरकार खरं अडचणीत आलं ते कामवाल्या मावशींच्या प्रश्नावर.

मार्चमध्ये 'मावशी, धोबी, पेपरवाले यांना पुढील सूचनेपर्यंत प्रवेश बंद. – सचिव' अशी नोटीस मीच लावली होती. लावताना हात जरासुद्धा थरथरला नाही. पण त्या नोटिशीनं आमच्या घरात जी कामाची वाटणी झाली, तिच्यात स्वयंपाक बायकोकडं आणि भांडी माझ्याकडं आली. त्यात लेकीनं यूट्यूबवरून केक शिकायला घेतले. केकच्या टिनला कोपरे का असतात, हे मला कुणी अजून समजावून सांगितलेलं नाही. दुधाचं पातेलं तर निराळंच शास्त्र. बुडाला लागलेलं दूध ताजं असताना घासलं तर निघत नाही, वाळल्यावर तर नाहीच नाही. ते रात्रभर भिजत घालावं लागतं आणि सकाळी उठून त्याच्याकडं बघावं लागतं. जूनअखेरीस माझी मतं पुष्कळच उदार झाली होती.

कामवाल्यांवर बंदी घातलेली नाही, सोसायट्यांनी परस्पर नियम करू नयेत, असं एव्हाना सरकारलाच सांगावं लागत होतं. मी ते हातोहात उचललं आणि जुलैच्या पहिल्या रविवारी पार्किंगमध्ये सभा लावली. तहसीलदारांनी लगेच हरकत घेतली. जमावबंदी आहे, पाचांपेक्षा जास्त माणसं जमली तर नियम पाळण्याविषयीची सभाच बेकायदा. मग खाली कमिटीचे आम्ही पाच जण, प्रत्येकजण सहा फुटांवरच्या खडूच्या गोलात, आणि उरलेली सोसायटी आपापल्या गॅलरीत. मास्क आणि सहा फूट यामुळे साधं "काय म्हणालात?" सुद्धा ओरडूनच विचारावं लागतं, आणि ओरडून विचारलेला प्रश्न शिवीसारखा लागतो. पहिल्या पाच मिनिटांत, कुणी काहीही मत मांडलेलं नसताना, तिघं दुखावले गेले.

तहसीलदारांना कमी ऐकू येतं. एरवी ते ओठांवरून ओळखतात, पण आज सगळ्यांचे ओठ झाकलेले. त्यामुळे गॅलरीतून ते आपल्या मनातल्या मुद्द्यांना ठणठणीत उत्तरं देत होते. मी मावश्यांच्या उपजीविकेबद्दल बोलत असताना त्यांनी वरून दोनदा, "टाकीचं झाकण कुणाच्या जबाबदारीत येतं?" असं विचारलं.

मी मात्र रंगात आलो होतो. कष्टकऱ्यांचा हक्क, त्यांच्या घरातली चूल, तीन महिने अडलेली हातावरची पोटं. (पगार आम्ही एप्रिल-मेचा पूर्ण दिला होता. जूनच्या वेळी 'निम्मा की पूर्ण' यावर ग्रुपवर दोन दिवस चर्चा झाली, आणि चर्चा चालू आहे म्हणून कुणीच दिला नाही.) मी संविधानापर्यंत पोचलो तेव्हा समोरच्या गोलातून बी विंगचे डॉक्टर म्हणाले, "सेक्रेटरी, जरा हात पुढं करा."

मी केले.

त्यांनी सहा फुटांवरूनच निदान केलं. "बोटांच्या पेरांना भेगा. सालं निघालेली. अंगठ्याच्या बाजूला काथ्यानं कापलंय." मग गॅलऱ्यांकडं वळून ओरडले, "संविधान वगैरे काही नाही, भांडी आहेत!"

तीन मजले हसले. चौथ्या मजल्यावरून बायकोचा आवाज मी ओळखला.

ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. मास्क, गेटवर हात धुणं, तापमान, वहीत नोंद, आणि लिफ्ट वापरायची नाही. लिफ्टची अट कुणी घातली ते लिहीत नाही. विरोध मीही केला नव्हता.

तापमानासाठी आमच्याकडं बंदूक होती. मे महिन्यात ती आम्ही चौपट किमतीला घेतली होती, आणि ती सगळ्या जगाला ३२ च्या आसपास दाखवायची. डॉक्टर म्हणाले, ३२ अंशाला माणूस धड शुद्धीवर नसतो. खजिनदार म्हणाले, ताप तर नाही ना? मग झालं. वॉचमन इमानानं ३२.१, ३१.९, ३२.४ असं लिहीत असे. तीन महिन्यांची ती वही पाहिली तर आमच्या सोसायटीत जिवंत माणसं नव्हतीच, असं कुणालाही वाटेल.

ठराव झाल्या झाल्या मी घरी येऊन मावशींना फोन लावला. आवाजात जरा उपकाराची छटा होती, नाही म्हणत नाही. "मावशी, तुमच्यासाठी लढलो. उद्यापासून या."

पलीकडं थोडी शांतता. मग त्या म्हणाल्या, "यायचंय ओ दादा, पन आमच्या वस्तीतनं सोडंनात."

"कोण सोडत नाही?"

"पोरांची कमिटी हाय. बांबू लावलेत ना. बिल्डिंगीत कामाला जानाऱ्या बायांनी जायाचं न्हाई, असं ठरलंय."

"पण का?"

"रोग तुमच्याकडनं आला म्हनत्यात. इमानातनं." आणि मग मला वाईट वाटू नये म्हणून, "तुमच्यातनं म्हंजी तुमच्या घरातनं न्हाई."

मी फोन हातात धरून उभा राहिलो. मार्चपासून आम्ही वस्तीला भीत होतो. ग्रुपवर 'त्या भागात कसं दाटीवाटीनं राहतात' याचे फोटो फिरत होते. तिकडं बांबूपलीकडं कुणीतरी आमच्या इमारतीकडं बोट दाखवून हेच म्हणत असेल, हे अठ्ठेचाळीसपैकी एकाही फ्लॅटला सुचलं नव्हतं. आणि पहिल्या रुग्णांचा इतिहास बघता मुद्दा त्यांचा जास्त पक्का होता.

"तुमच्या कमिटीचा प्रमुख कोण?" मी विचारलं.

"सेक्रेटरी हाय ना एक. रिक्षा चालवतो. लई कडक हाय."

मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. त्यालाही रात्री अकराला फोन येत असणार. मी त्याला रीतसर अर्ज लिहिला, 'आपल्या वस्तीतील सौ. मावशी यांना आमचेकडे येणेस अनुमती मिळणेबाबत', तहसीलदारांकडून तपासून घेतला (त्यांनी 'मावशी' खोडून पूर्ण नाव टाकायला लावलं) आणि मावशींच्या मुलाहाती धाडला. दोन दिवसांनी तोंडी उत्तर आलं. परवानगी मिळेल, पण अटी आहेत. घरातल्या माणसांनी मावशींसमोर मास्क लावायचा. मावशींनी परत आल्यावर नळावर अंघोळ करूनच आत यायचं. आणि घरातल्या सगळ्यांचं रोजचं टेंपरेचर कागदावर लिहून पाठवायचं, त्याशिवाय विचार होणार नाही.

संध्याकाळी आम्ही तिघंही गेटवर गेलो. वॉचमननं माझ्या कपाळावर बंदूक रोखली. पीप. ३१.८.

"लिहू का साहेब?" तो म्हणाला.

हा आकडा त्या रिक्षावाल्या सेक्रेटरीच्या हातात गेला तर तो काय म्हणेल, याचा मी विचार केला. तो आमच्या डॉक्टरांइतका शिकलेला नसेल, पण खजिनदारांइतका भोळाही नसणार.

"छत्तीस पॉइंट पाच लिही," मी म्हटलं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. "दोघींचेही तेच. नको, लेकीचे पॉइंट सहा कर, संशय नको."

तीन दिवस कागद गेले. चौथ्या दिवशी मावशींच्या मुलाचा फोन आला, सोमवारपासून आई येईल. मी पातेल्याला शब्दही न बोलता ओट्यावर तसंच ठेवलं, सोमवारची वाट बघायला.

रात्री अकराला फोनवर आदेश आला. १३ जुलैच्या मध्यरात्रीपासून पुण्यात पुन्हा दहा दिवस कडक लॉकडाउन. छापला, जिना उतरून तहसीलदारांच्या दाराखालून आत सरकवला, आणि वर येऊन पातेलं भिजत घातलं.