‘उत्तेजनार्थ बक्षीस’ या शब्दांविषयी

महोदय,

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बोर्न यांच्यावरील माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. एक दुरुस्ती मान्य. 1933 मध्ये जर्मनीतल्या गटिंगेन विद्यापीठाची प्राध्यापकी हिरावली गेल्यावर बोर्न केंब्रिजला आणि 1936 मध्ये एडिंबरोला गेले, एवढेच मी लिहिले होते. मधला एक हिवाळा ते रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला होते, हे राहून गेले. मात्र त्याला ‘थोडा अभ्यास करून लिहीत चला’ हे शेपूट जोडण्याचे कारण नव्हते.

क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे गतिशास्त्र, कोणाचे याविषयी आपण लिहिता, ‘कल्पना हायझेनबर्गची, बोर्नने तिला गणिताचे कपडे चढवले, 1954 चे नोबेल म्हणजे उत्तेजनार्थ बक्षीस.’ उत्तेजनार्थ बक्षीस निबंधस्पर्धेत चौथ्या आलेल्या मुलाला देतात, महोदय. जुलै 1925 मध्ये बोर्न यांचे तरुण सहकारी हायझेनबर्ग यांनी आपला लेख त्यांच्या हाती ठेवला, तेव्हा मॅट्रिक्स (आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या संख्यांचा तक्ता) म्हणजे काय हे हायझेनबर्ग यांना ठाऊक नव्हते. त्या लेखातली गुणाकाराची विचित्र रीत बोर्न यांनी ओळखली, कारण ब्रेस्लाऊला विद्यार्थी असताना ते ती शिकले होते. संवेग ‘पी’ आणि स्थान ‘क्यू’ यांचा गुणाकार करताना ‘पीक्यू’ आणि ‘क्यूपी’ यांत फरक पडतो आणि तो नेमका किती, हे सूत्र त्यांचे. गटिंगेनला त्यांच्या थडग्यावर तेच कोरलेले आहे. मी 31 वर्षे बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला ते फळ्यावर लिहिले आहे, आणि क्रम बदलला की उत्तर बदलते म्हटल्यावर मागच्या बाकावरून दरवर्षी हशा आलेला आहे. त्याला कपडे म्हणणारा विद्यार्थी मात्र एकही भेटला नाही.

1932 चे नोबेल वर्षभर उशिराने एकट्या हायझेनबर्ग यांना जाहीर झाले, तेव्हा नोव्हेंबर 1933 मध्ये त्यांनीच बोर्न यांना पत्र लिहून, गटिंगेनमध्ये बोर्न, योर्डान आणि आपण अशा तिघांनी मिळून केलेल्या कामाचे पारितोषिक आपल्याला एकट्याला मिळाल्याची टोचणी कबूल केली. त्यांना जे टोचले, ते आपल्याला टोचत नाही, याला मी काय करावे? शिवाय 1954 चा सन्मान विशेषकरून तरंगफलनाच्या (कणाची स्थिती सांगणाऱ्या गणिती राशीच्या) सांख्यिकीय अर्थासाठी होता, हे माझ्या लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. आपण तिथवर पोहोचला असाल, असे मी समजून चालतो.

हा अर्थ मांडणाऱ्या बोर्न यांच्या 1926 च्या लेखात, संभाव्यता काढण्यासाठी त्या राशीचा ‘वर्ग’ घ्यायचा हे मूळ मजकुरात नव्हते, ते मुद्रिते तपासताना तळटीपेत आले, असेही आपण म्हणता. तळटीप लेखातच असते. त्यावर अधिक लिहीत नाही.

बंगळूरचा उल्लेख लेखात घातला आहे. श्रेय आपल्या टोपणनावाला दिले आहे, कारण दुसरे नाव आपण कळवलेले नाही.