वजनदार आरोपी

कुत्रा पाळला की माणसाचं आधी नाव जातं. बागेत मला माझ्या नावाने कुणी हाक मारत नाही; मी ‘बाळूचे बाबा’. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नावापाठोपाठ अब्रू जाते त्याबद्दल, आणि ती सगळ्यांची जात नाही. ज्यांचा कुत्रा दहा किलोंच्या आतला, ते ताठ मानेने फिरतात. बाळू चौतीस किलोंचा आहे.

बाळू लॅब्राडोर. त्याचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात उड्या मारून निसटलेले मासे आणि जाळ्यांचे दोर काढून आणत. पुढे ते इंग्लंडात शिकाऱ्यांकडे कामाला लागले. काम काय, तर पडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, पण त्याला दात लागू द्यायचा नाही. म्हणजे न चावणं हा ज्याच्या घराण्याचा पिढीजात धंदा, असा हा कुत्रा. उलट डॅक्सहुंड आणि बरेचसे टेरियर माणसाने घडवले तेच मुळी बिळात शिरून, अंधारात, आतल्या प्राण्याशी दोन हात करण्यासाठी. पण बागेचा न्याय असा, की बिळात घुसून गळा धरणाऱ्याच्या वंशजाला ‘अगोबाई, किती गोड!’ म्हणायचं आणि पिसं जपणाऱ्याचा वंशज दिसला की पोरांना मागे ओढायचं.

बाळूला छत्रीची भीती वाटते. वाऱ्याने हललेल्या पिशवीची वाटते. एकदा तर तो स्वतःच्याच शिंकेला घाबरून कपाटामागे जाऊन बसला होता. पण हे सगळं घरात. बाहेर त्याच्याकडे पाहणाऱ्याला फक्त छाती दिसते, जबडा दिसतो, आणि त्यामागे पट्ट्याला लोंबकळत येणारा मी दिसतो.

सुलतान हा तीन किलोंचा पॉमेरेनियन. त्यातही नुसता कुत्रा किती आणि केस किती, हे अंघोळीच्या दिवशी कळतं. पॉमेरेनियन पूर्वी चांगले थोराड असत. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली इटलीतून एक लहानखुरा पॉमेरेनियन आणला, तिला लहानांचा लळा लागला, आणि मग सगळ्यांनाच लहान हवे झाले. पिढ्यान् पिढ्या कुत्रा आटत गेला. आवाज मात्र मूळ मापाचाच राहिला.

सुलतानच्या मम्मींना मी ‘मम्मी’च म्हणतो, कारण त्यांचंही नाव मला ठाऊक नाही. त्यांच्या हातात आपोआप लांबणारा दोरीचा पट्टा असतो. त्याच्या एका टोकाला मम्मी मैत्रिणीशी बोलत असतात आणि पाच मीटर पुढे, दुसऱ्या टोकाला, सुलतान वाट अडवून उभा असतो. आम्ही वळणावर आलो की त्याला आमचा वास लागतो. मग जे भुंकणं सुरू होतं त्यात श्वास घ्यायला जागा नसते. बाळू थबकतो. बाळू माझ्या मागे जातो. पट्टा माझ्या दोन्ही पायांभोवती एक वेढा घेतो. आणि मम्मी लांबूनच कौतुकाने सांगतात, “त्याला ना, मोठे कुत्रे अजिबात आवडत नाहीत! स्वतःला वाघच समजतो हो!”

हेच वाक्य मी म्हणून पाहावं. ‘माझ्या बाळूला लहान कुत्रे आवडत नाहीत’ असं हसत हसत म्हणावं आणि मग काय होतं ते बघावं. बाळूने वर्षाकाठी एखादा ‘भॉ’ केला, तोही बहुधा ढेकर देताना, तर चारी बाजूंनी ‘आवरा त्याला’, ‘मुसकं का नाही बांधत?’ सुरू होतं. अशा वेळी माझ्या तोंडून ते वाक्य निघतं, जे मोठ्या कुत्र्याचा प्रत्येक मालक जन्मभर म्हणत आलेला आहे: “काही करत नाही हो तो!” हे ऐकून आजवर कुणाचाही जीव भांड्यात पडलेला मी पाहिलेला नाही. उलट, ‘काही करत नाही’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदाच प्रश्न येतो, की करायचं ठरवलं तर काय करेल?

पण खरा पेच यानंतरचा. सुलतानच्या मम्मी घाबरून सुलतानला उचलतात. खाली असताना सुलतान म्हणजे बाळूच्या लेखी कटकट होती. आता ती छातीच्या उंचीवर, हवेत, पाय झाडत, किंचाळते आहे. असं वर चढलेलं काहीही पाहिलं की ते नक्कीच आपल्यासाठी उचललंय, अशी बाळूची बालपणापासूनची श्रद्धा आहे. भीती विसरून तो वास घ्यायला मागच्या पायांवर उभा राहतो. त्यातून गावभर बातमी होते: मोठं कुत्रं बाईंच्या अंगावर गेलं.

मी वाचन वाढवलं. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१० साली कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून ताडून पाहिलं, तेव्हा लहान कुत्र्यांचे मालक शिस्तीच्या बाबतीत जास्त धरसोड करतात आणि त्यांचे कुत्रे कमी ऐकतात, जास्त उसळतात, असं निघालं. त्याआधी २००८ साली अमेरिकेतल्या अशाच एका पाहणीत माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर धावून जाण्यात डॅक्सहुंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर ही मंडळी अग्रभागी होती. मी हे दोन्ही दाखले मम्मींना अदबीने ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “त्या लोकांकडे मोठे कुत्रे असणार.”

एक दाखला मात्र मी त्यांना सांगितला नाही, आपल्यातच ठेवू. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर कुत्र्यांचं तंगडी वर करणं मोजलेलं आहे. लहान कुत्रे आपल्या अंगाच्या मानाने तंगडी जास्त वर नेतात आणि खूण उंचावर सोडतात, म्हणजे मागून येणाऱ्याला वाटावं की इथून कुणी दांडगा गेला. सुलतान कोपऱ्यावरच्या खांबापाशी हे करताना जवळजवळ आडवा होतो. आणि बाळू? तो रोज तो खांब हुंगतो, कान पाडतो आणि मला पलीकडच्या बाजूने ओढतो. या भागात एक भयंकर मोठा कुत्रा राहतो असं त्याने मनाशी धरलेलं आहे. सुलतानला तो रोज भेटतो, पण त्या खांबाचा मालक हाच, हे त्याच्या डोक्यात यायचं नाही. डोकं हा बाळूचा हलका भाग आहे.

शेपटीचाही प्रयोग करून झाला. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपटी हलताना उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी, वरचढ कुत्रा दिसला की डावीकडे. सुलतानपुढे बाळूची कुठे झुकते ते पाहायला मी मान वाकडी करून उभा राहिलो. ती ना उजवीकडे होती, ना डावीकडे. ती पोटाखाली होती.

आता इतकी वकिली केल्यावर सुलतानच्या बाजूचं एक गणित मांडायलाच हवं, ते मी एका रात्री झोप येत नव्हती म्हणून केलं. सुलतान खांद्याशी वीस सेंटिमीटर, बाळू सत्तावन्न. वजन अकरा पटींहून जास्त. हेच प्रमाण माझ्या अंगाला लावलं तर समोरून जवळजवळ पाच मीटर उंच आणि पाऊणशे नव्हे, पावणेआठशे किलोंचं जनावर येतं. म्हणजे साधारण जिराफ. तो जिराफ स्वभावाने अतिशय गरीब असेल, छत्रीला घाबरत असेल, पण तो लाडाने माझ्या पाठीवर पाय ठेवू लागला आणि त्याचा मालक लांबून ‘खेळतोय हो!’ म्हणाला, तर मी काय करेन? भुंकेन.

रस्त्यात टक्कर झाली की मोठ्या गाडीवाल्याला आधी धरतात, चूक कुणाची ते नंतर बघतात, तसंच हे. सुलतानने चावा घेतला तर बाळूच्या नाकाला मलम पुरेल. बाळू नुसता घसरून सुलतानवर बसला तर मलमाचा प्रश्नच उरणार नाही. म्हणून सौजन्य चौतीस किलोंच्या बाजूनेच आधी यायला हवं, हे मला मान्य आहे. फक्त ते दोन्हीकडून आलं तर माझी काही हरकत नाही, इतकंच.

गंमत म्हणजे ही दोघं कागदोपत्री एकच. लांडग्यापासून निघालेली एकच प्रजाती. आकारातल्या फरकात ज्याचा मोठा हात आहे असं एक जनुक २००७ साली सापडलं, आणि त्याचं लहान करणारं रूप पन्नास हजार वर्षांहून जुन्या लांडग्यातही होतं, हे २०२२ साली कळलं. म्हणजे सुलतान माणसाचं खूळ आहे असंही म्हणता येत नाही. तो आधीपासून लांडग्यात दबा धरून बसला होता. गिनेसने नोंदवलेला झ्यूस नावाचा ग्रेट डेन १११.८ सेंटिमीटर उंच होता आणि मिली नावाची चिवावा ९.६५ सेंटिमीटर. एकाच प्रजातीत इतकी तफावत, आणि मालकांनी मात्र एकाच अरुंद पायवाटेवरून सलोख्याने जायचं.

पायवाट हीच खरी भांडणाची जागा. मोकळे कुत्रे एकमेकांकडे सरळ चालत येत नाहीत. अर्धगोल घेतात, मान वळवतात, जमीन हुंगल्याचं नाटक करतात, मग शेपटीकडून ओळख करून घेतात. पट्टा लावला की हे सगळं शिष्टाचाराचं बासन गुंडाळलं जातं. नाकासमोर नाक येतं. त्यात सुलतान दिसताच मी पट्टा आखडतो; बाळूची छाती त्यामुळे वर उचलली जाते आणि तो छाती काढून चालून आल्यासारखा दिसतो. मम्मीही पट्टा आखडतात. सुलतान पुढच्या पायांवरून उचलला जातो आणि झेप घेतल्यासारखा दिसतो. दोन भित्री कुत्री आणि दोन भित्री माणसं मिळून एक युद्धाचा देखावा उभा करतात. पाहायला बाकं भरलेली असतात.

एकदा मी मम्मींना विचारलं, की त्याला दर वेळी उचलता कशाला, खाली राहू द्या, दोघं बघून घेतील. त्या म्हणाल्या, “बाळूचे बाबा, १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावरचे तीनच कुत्रे वाचले. दोन पॉमेरेनियन आणि एक पेकिनीज. काखेत मावले म्हणून वाचले.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाई वाचन करून आल्या होत्या.

शेवटी बागेच्या समितीने वेळापत्रक काढलं. सहा ते सात दहा किलोंखालचे, सात ते आठ वरचे. दोन दिवस शांतता नांदली. मग बीगलवाल्यांनी वाद काढला, की आमचा पोट साफ झाल्यावर नऊ किलो नऊशे भरतो, तर त्याला आधी बाहेर फिरवून मग वजन करावं. डॅक्सहुंडवाले म्हणाले, आमचा वजनाने लहान, उंचीने अतिलहान, पण बाकाच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दिसतो, तर त्याची गणना कशात? एका गृहस्थांचा पग वजनात बसत नव्हता. त्यांनी समितीवर पक्षपाताचा आरोप केला आणि त्याच दिवसापासून पगाचं जेवण कमी केलं. पग तेव्हापासून सर्वांवर भुंकतो.

सातच्या पाळीत मी निर्धास्त होतो, तोच तिथे ग्रेट डेन आला. नवीन राहायला आलेले. वळणावरून आधी डोकं आलं, बऱ्याच वेळाने उरलेला कुत्रा आला. बाळूने एकदा त्याच्याकडे, एकदा खांबाकडे पाहिलं, आणि त्या खांबाचा धनी अखेर सापडल्याची त्याची खात्री पटली. तो माझ्या पायांमध्ये शिरला. पलीकडून एक रुंद गृहस्थ पट्ट्याला लोंबकळत येत होते आणि हात हलवून ओरडत होते, “काही करत नाही हो तो!”

मी खाली वाकलो आणि बाळूला उचलायला लागलो. पुढचा अर्धा बाळू वर आला. मागचा अर्धा जमिनीवरच राहिला. सुलतानच्या मम्मी पाळी संपवून फाटकाबाहेर पडत होत्या. त्या थांबल्या. “उचलू नका, बाळूचे बाबा,” त्या म्हणाल्या, “खाली राहू द्या, दोघं बघून घेतील.” त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. सुलतान मात्र फाटकातून मागे वळला, पाच मीटर दोरी सगळी ओढून घेतली आणि त्या ग्रेट डेनला असा काही फैलावर घेतला, की तो प्रचंड प्राणी गृहस्थांसकट हिरवळीवर उतरला.

तेव्हापासून मी समितीकडे लेखी अर्ज केलेला आहे, की बाळूला सहाच्या पाळीत घ्यावं. सुलतानच्या मम्मींनी हरकत घेतलेली नाही. बाळूने सुलतानच्या मागे दोन पावलं चालावं, एवढी अट घातली आहे, आणि बाळू तसाही तेच करतो. अर्जात वजनाचा रकाना आहे. तिथे मी ‘भित्रा’ असं लिहून दिलंय.