बटण दाबा आणि घरी जा

'दुरुस्तीचे काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

ही पाटी मी एका विज्ञान संग्रहालयात एका दिवसात 19 वेळा वाचली. धाकट्यानं वहीत रेघा ओढून मोजलंय. शाळेतून त्याला सांगितलं होतं, आवडलेली 10 यंत्रं लिहून आण. पोरानं सातव्या नंबरावर 'पाण्याचा कूलर' लिहिलं. का, तर तो चालू होता.

लातूरहून रात्रभर रेल्वेत बसून गेलो होतो आम्ही. मी, बायको, माय, दहावीतली पोरगी, पाचवीतलं पोरगं. शहराचं आणि त्या विज्ञान संग्रहालयाचं नाव घेत नाही. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तेही दोन दिवस कुलूप लावून गेलो. ऐन हरभऱ्याच्या पाण्यात दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत त्याला माहीत.

आणि म्हणूनच डोकं जास्त फिरलं. माझ्याकडं माणूस रात्री दहाला बोअरची मोटार काढून आणतो. पाईपासकट वर ओढून, टमटममध्ये टाकून. वाइंडिंग जळालेली असते. मी जुनी तार काढतो, नवी भरतो, वार्निश वाळेपर्यंत तो दुकानाच्या पायरीवर बसून बिडी ओढतो. त्याला मी 'दुरुस्तीचे काम चालू आहे' अशी पाटी दाखवून आठ महिने फिरवलं तर तीच पाटी तो माझ्या डोक्यात घालील. आणि बरोबर करील. इथं तर काम कुठं चालू होतं? पान्हा घेतलेला एक माणूस दिसला नाही दिवसभरात. पाट्यांचं लॅमिनेशन पिवळं पडलेलं. पाटीच दुरुस्तीला आली होती.

दारातच सुरुवात झाली. डबा आत न्यायचा नाही. मायनं रेल्वेत बसायच्या आधी केलेले धपाटे आणि शेंगाची चटणी, कुणाला काय त्रास? कँटीनचाच समोसा खा म्हणे. बाहेर फुटपाथवर बसून खाल्ले आणि परत आत जायला निघालो, तर तिकीट पुन्हा काढा. काढलं. जाऊ द्या.

आत मोठ्या हॉलमध्ये फुकोचा लंबक. पोरगी याच्याचसाठी आली होती. 1851 साली पॅरिसच्या पँथिऑन नावाच्या इमारतीत फुको या शास्त्रज्ञानं 67 मीटरच्या तारेला 28 किलोचा गोळा टांगून पृथ्वी फिरते ते लोकांना डोळ्यांनी दाखवलं, हे तिनं मला गाडीत तीनदा सांगितलं. लंबक एकाच दिशेत झुलत राहतो, खालची जमीन फिरते, म्हणून त्याची झुलायची रेघ सरकल्यासारखी दिसते. ध्रुवावर एका दिवसात पूर्ण फेरा. आपल्याकडं अक्षांश कमी, म्हणून सावकाश. तिनं साइनचा तक्ता घेऊन लातूरचं गणित करून ठेवलं होतं: तासाला पावणेपाच अंशाच्या आसपास, पूर्ण फेऱ्याला 76 तास. दोन तास थांबून साडेनऊ अंश मोजायचे असा तिचा बेत. पट्टी, कोनमापक, सगळं दप्तरात.

लंबक उभा होता. नुसता टांगलेला, ओळंब्यासारखा. खाली अंशांच्या खुणांवर लोकांनी टाकलेली एक-दोन रुपयांची नाणी. कुणीतरी फूलही वाहिलं होतं! हवेच्या घर्षणानं लंबक थांबतोच, त्यात गुन्हा नाही. म्हणून तर त्याला प्रत्येक झोक्याला जरा ओढ देणारी कॉईल बसवतात. कॉईल. जी मी रोज बारा-पंधरा गुंडाळतो. पोरगी काही बोलली नाही, कोनमापक परत दप्तरात ठेवला. त्या ठेवण्याचा मला जेवढा राग आला तेवढा दुसऱ्या तिकिटाचाही नाही आला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगतो. केस उभे करणारा तो व्हॅन डी ग्राफचा गोळा बंद होता आणि तिथला माणूस म्हणाला, हवा दमट आहे. ते खरंय. दमट हवेत विजेचा भार टिकत नाही, गळून जातो. पण दमट शहरात राहता हे तुम्हाला कालच कळलं का? मग तो गोळा उघड्या खिडक्यांच्या दालनात कशाला ठेवलात?

पुढं गुरुत्वीय लहरींचा कोपरा. मी छाती काढून पोरांना म्हणालो, बघा, हे आपल्या हिंगोलीत होतंय. औंढा नागनाथजवळ लायगो, 4-4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, 2023 मध्ये केंद्रानं मंजुरी दिलेली. अवकाशातून एवढ्या दुरून येणारी, अणूच्या गाभ्यापेक्षाही बारीक थरथर पकडणारं यंत्र. समोरच्या टीव्हीवर निळा पडदा आणि मधोमध लिहिलेलं: नो सिग्नल.

पोरगं खो खो हसलं. पहिल्यांदाच हसलं त्या दिवशी.

भूकंपासारखा हलणारा प्लॅटफॉर्म दोरी बांधून बंद. बाजूला जपानचे फोटो. मायचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले. माती-दगडाच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद, ते सगळं अंगावर आलं. माय त्या दोरीपाशी उभी राहून म्हणाली, "बरं झालं बाबा बंद हाय. हे काय बघायला आणलास रे मला?" मला वाटलं होतं कुठंतरी किल्लारीचा एक तरी फोटो असेल. हजारो माणसं गेली तिथं. एक ओळ नव्हती.

आता मुख्य. आर्किमिडीजचा स्क्रू. तिरपी नळी, आत मळसूत्र, फिरलं की पाणी वर चढतं. वर मोठ्या अक्षरात 'स्वतः करून पहा'. पोरानं बटण दाबलं. मोटार गुणगुणली, फिरली नाही. ज्या गावाला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या गावचं पोरगं पाणी वर चढायची वाट बघत उभं! आवाजावरूनच कळलं, कंडेन्सर गेलाय. सिंगल फेज मोटारीला सुरू व्हायला तेवढा धक्का लागतो. बाजूच्या जाळीतून बोट घालून पुली ढकलली, बटण दाबायला लावलं, फिरली! पाणी भराभर वर. कुठल्यातरी शाळेची पोरं धावत आली, टाळ्या.

आणि शिट्टी. रखवालदार. "ओ, हात लावू नका! वाचता येत नाही का?"

मी म्हटलं, येतं की, 'स्वतः करून पहा' लिहिलंय. तो म्हणाला, ते बटणाबद्दल आहे. त्यानं मेन स्विच बंद केला आणि खिशातून, खरं सांगतो, खिशातून तीच पाटी काढून लावली. ती विसावी. पोरानं रेघ ओढली नाही, ते तुम्हीच तोडलंय म्हणून ही धरत नाही म्हणाला.

शे-दोनशे रुपयांचा कंडेन्सर आहे हो तो! पोरगी सांगत होती, सॅन फ्रान्सिस्कोत 1969 साली फ्रँक ओपेनहायमर या शास्त्रज्ञानं एक्सप्लोरेटोरियम नावाचं विज्ञान संग्रहालय काढलं, तेव्हा वर्कशॉप लपवलं नाही, लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. लेथ चालतोय, यंत्र बिघडलंय, माणूस ते खोलून बसलाय, हेही बघा. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये तर शंभर वर्षांपासून लोक बटणं दाबतायत. तिथंही बिघडत असतील. बिघडतंच. मी रोज बिघडलेलंच बघतो, त्यावरच घर चालतं माझं. पण आपल्याकडं त्यावर पाटी लावली की झालं काम, साहेब मोकळे.

निघताना दारात अभिप्राय वही. पेन दोरीला बांधलेला, त्यात रिफिल नाही. पोरीचा पेन घेऊन लिहिलं: तळमजला, स्क्रूच्या मोटारीचा कंडेन्सर, लंबकाची कॉईल, दोन्ही करून देतो, मजुरी नको, लातूरहून येण्याजाण्याचं भाडं तेवढं द्या. खाली दुकानाचा नंबर टाकला.

दीड महिना झाला. फोन आला की रोज बघतो, बोअरवालेच असतात.