‘सगळे पार्ट एकाच कारखान्यात बनतात’ हे अर्धसत्य आहे

गाडीच्या लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारं टोक) आणि शॉकअपबद्दल एक मेसेज ग्रुपग्रुपवर फिरतोय. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. बाजारातले सगळे पार्ट एकाच कारखान्यात बनतात, फरक फक्त डब्याचा, तेव्हा स्वस्तातला घ्या. ब्रँडच हवा असेल तर जर्मन नाव बघा. बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा, हाताने हलवून बघा, जितका घट्ट तितका चांगला. आणि वर्षाच्या आत खडखड सुरू झाली तर तो ब्रँड कायमचा सोडा.

मी मेकॅनिक, रोज हेच पार्ट बसवायचं काम करतो. हा मेसेज वाचून गिऱ्हाईक सगळ्यात स्वस्त लोअर आर्म पिशवीत घालून आणतं, तेव्हा जीव वरखाली होतो. बॉल जॉइंट धावत्या गाडीत निखळला तर चाक बाहेर पडून आडवं होतं. तिथे वाचवलेल्या पैशांचा काही उपयोग नसतो.

आधी खरं आहे तेवढं मान्य करतो. चेन्नईची राणे मद्रास गाड्यांच्या कंपन्यांना स्टीअरिंगचे पार्ट पुरवते आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकते. १९६१ साली सुरू झालेल्या, आज चाकणला कारखाना असलेल्या गॅब्रिएलचं शॉकअपच्या बाबतीत तसंच आहे. लेमफर्डर या जर्मन ब्रँडच्या डब्यातून निघालेल्या काही पार्टांवर तर गाडीच्या कंपनीची खूण घासून काढलेली स्पष्ट दिसते. पण यावरून ‘सगळे’ कसं ठरतं? कितीतरी ब्रँडांचा स्वतःचा कारखानाच नसतो. लिंक रॉड (सस्पेन्शनचा जोडदांडा) एकाकडून घ्यायचा, बुश (सांध्यातलं धक्के सोसणारं रबर) दुसऱ्याकडून, आणि डबा आपला चढवायचा. अशा ब्रँडचा लिंक रॉड छान चालतो आणि बुश पहिल्याच पावसाळ्यात चिरतो. म्हणून ‘अमुक ब्रँड कसा?’ या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. त्या ब्रँडचा कुठला पार्ट, ते आधी विचारतो.

बरं, कारखाना एक असला तरी माल एकच असेल असं नाही. एका मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना गाडीची कंपनी पुष्कळदा वेगवेगळे पुढचे शॉकअप देते, कारण डिझेल इंजिन जड असतं. बाजारात मात्र कधीकधी दोघांना एकाच पार्ट नंबरचा शॉकअप ‘चालतो’ म्हणून दिला जातो. बसतो तो बरोबर, पण गाडी पहिल्यासारखी चालत नाही.

फरक नेमका कुठे असतो हे बघायला मी एकाच मॉडेलचे दोन नवे बॉल जॉइंट ग्राइंडरने उभे कापले होते. एकातला गोळा आरशासारखा गुळगुळीत, भोवती पांढऱ्या प्लास्टिकची वाटी सगळीकडून सारखी टेकलेली, ग्रीस भरपूर. दुसऱ्याच्या गोळ्यावर लेथच्या रेघा नखाला लागत होत्या. ग्रीस एका बाजूलाच चिकटलेलं, आणि रबरी बुटाची, म्हणजे जॉइंट झाकणाऱ्या टोपीची, रिंग इतकी सैल की अंगठ्याने ढकलली तर सरकली. बूट सरकला की पाणी आणि धूळ आत, मग लोखंड कितीही चांगलं असो. बाहेरून दोन्ही पार्ट सारखे काळे, सारखे चकचकीत.

जर्मन नावाचं म्हणाल तर फेबी बिल्स्टीन आणि शॉकअपवाली बिल्स्टीन या दोन वेगळ्या कंपन्या आहेत. दोन्ही जर्मनीतल्या एनेपेटालच्या, नाव सारखं, एवढंच. लेमफर्डर, सॅक्स आणि २०१५ पासून टीआरडब्ल्यू ही तिन्ही नावं झेडएफ या एकाच जर्मन कंपनीच्या घरातली. शिवाय जर्मन कंपनीचा प्रत्येक पार्ट जर्मनीत बनत नाही. डब्यावर देश छापलेला असतो, तो वाचा. आणि आपल्याकडे इतक्या गाड्या जपानी-कोरियन आराखड्याच्या असताना जपानची केवायबी आणि ५५५, कोरियाची सीटीआर ही नावं मेसेजमध्ये नसावीत, याचं वाईट वाटतं.

‘घट्ट तितका चांगला’ हे तर उलट अंगावर येतं. जॉइंट फार कडक असला की वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही. हाताला तो सगळ्या बाजूंनी सारखा फिरला पाहिजे, मध्येच अडकता किंवा सैल पडता कामा नये. मी जास्त वेळ बुटाकडे आणि त्याच्या रिंगकडे बघतो.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो, कारण त्यात चांगल्या मालाचं नाव विनाकारण खराब होतं. एक काका आले. दुसरीकडे बसवलेल्या लोअर आर्मचे बुश पाच महिन्यांत फाटले होते, आणि तो ब्रँड नकोच म्हणत होते. विचारलं, बोल्ट आवळताना गाडी कुठे होती? म्हणाले, लिफ्टवर, चाकं लोंबकळत होती. तिथेच घोळ होता. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला की बुश त्याच स्थितीत पकडला जातो. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहतं, आणि मग प्रत्येक खड्ड्याला आणखी पिळतं. काकांना म्हटलं, हाच ब्रँड परत घेऊन या. पार्ट चढवून बोल्ट सैलच ठेवले, गाडी उतरवली, चाकांवर वजन आल्यावर टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) आवळले आणि लगेच अलाइनमेंट करून घेतली. त्या आर्मला यंदा तिसरा पावसाळा लागलाय. परवा गाडी सर्व्हिसला आली तेव्हा टॉर्च मारून बघितलं, बुशच्या रबराला एक चीर नाही.