समुद्राचं पाणी अथणीच्या उसाला? आधी घाटाचा चढ मोजा

आमच्या बेळगाव-चिक्कोडी भागात सध्या एक मेसेज हातोहात फिरतोय. 'समुद्र शंभर किलोमीटरवर आहे, ऊन फुकट आहे. कारवारला सौरऊर्जेवर खारं पाणी गोडं करा आणि पाइपने अथणी-सौंदत्तीला आणा. ऊस बारमाही हिरवा राहील, म्हादई नि कोयनेच्या पाण्यासाठी कुणापुढे हात पसरावे लागणार नाहीत. इस्रायलला जमलं, मग आपल्याला का नाही?'

पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. उन्हाळ्यात कृष्णेचं उघडं पडलेलं पात्र ज्यानं बघितलंय, त्याला हे पटणारच. मलाही पहिल्यांदा वाचताना बरं वाटलं होतं. पण हिशेब जुळत नाही.

समुद्र शंभर किलोमीटरवर आहे तो बेळगाव शहरापासून. अथणी तिथून सव्वाशे किलोमीटरहून पुढे आहे. आणि अंतरापेक्षा अवघड आहे तो चढ. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर आहे. अथणी त्याहून खाली असली, तरी सह्याद्री ओलांडल्याशिवाय पाणी तिथं पोचत नाही. हजार लिटर पाणी एवढं उचलायला निव्वळ 2 युनिट वीज लागते. पंपाची आणि पाइपातली तूट धरली की पावणेतीन-तीन. समुद्राचं पाणी गोडं करायला 3 ते 4 युनिट लागतात. म्हणजे गोडं करायला जेवढी वीज, जवळजवळ तेवढीच नुसती घाट चढायला. शिवाय ती पाइपलाइन जाणार पश्चिम घाटाच्या जंगलातून.

ऊन फुकट आहे, पण ते रात्री नसतं आणि पावसाळ्यात फारसं नसतं. एवढा महागडा प्रकल्प दिवसाचे सात-आठ तास चालवून परवडत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ 2006 साली सुरू झालेल्या प्रकल्पासाठी पवनचक्क्यांची वीज घेतली, पण ती ग्रिडमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वीजजाळ्यात जाते आणि प्रकल्प ग्रिडवरच चालतो. रात्रीसाठी वीज साठवायच्या खर्चासह युनिटला 4 रुपये धरू.

आता ऊस. पाऊस वजा करता अथणीकडे एकरी साठ लाख लिटर पाणी धरलं, तर हजार लिटरला साडेसहा युनिटप्रमाणे (गोडं करायला साडेतीन, चढवायला तीन) 39,000 युनिट होतात. दीड लाखाच्या वर नुसती वीज! प्रकल्प, पाइप, देखभाल वेगळीच. एकरी 40 टन ऊस, टनाला 3,300 रुपये धरले तर हातात 1 लाख 32 हजार, त्यातून तोडणी, खतं, मजुरी जायची. ठिबकनं पाणी निम्म्यावर आणलं, तरी निम्म्याहून जास्त पैसे विजेतच जातात.

हात पसरावे लागणार नाहीत म्हणता, तर चेन्नईजवळचा समुद्राचं पाणी गोडं करणारा मिंजूरचा प्रकल्प बघा. दिवसाला 10 कोटी लिटरची क्षमता आहे त्याची. वर्षभर अखंड चालला तरी 1.3 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी देईल. एकट्या हिडकल धरणाची क्षमता 51 टीएमसी आहे.

इस्रायलनं जमवलं, हे खरंच आहे. जेरुसलेमही उंचावर आहे आणि तिथं असं पाणी चढवतात. पण ते नळाला जातं. तिथली बरीचशी शेती शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालते. देशातलं जवळपास 90 टक्के सांडपाणी पुन्हा वापरलं जातं. तेल अवीवचं सांडपाणी शुद्ध होऊन दक्षिणेच्या नेगेव्हमधल्या शेतांना मिळतं. मेसेजमध्ये नेमकं हेच गाळलंय.

खारं पाणी गोडं करायचंच असेल तर कारवार कशाला? कृष्णाकाठी अती पाणी पाजून क्षारपड झालेल्या जमिनी आहेत, बोअरला मचूळ पाणी लागणारी गावं आहेत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार असतात, या पाण्यात दोन-तीन ग्रॅम. ते गोडं करायला हजार लिटरला एक युनिटच्या आसपास वीज पुरते आणि तीही पाणी लागतं तिथंच. नाणं टाकून वीस लिटरचा कॅन भरायचं आरओ गावोगाव आहेच. त्यावर सोलर पॅनेल बसवा, दिवसा पाणी करून टाकीत साठवा; रात्रीचा प्रश्नच उरत नाही. फक्त उरलेलं खारट पाणी ओढ्यात सोडू नका, त्याला वेगळा खड्डा हवा. हे पाणी पिण्यासाठी, उसासाठी नव्हे.

आणि इस्रायलचं अनुकरण करायचं तर बेळगावात बळ्ळारी नाला आहे. शहराचं सांडपाणी घेऊन तो शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून जातो आणि पावसाळ्यात भाताची पिकं कुजवतो. हेच पाणी शुद्ध होऊन शेतात आलं, तर त्याला घाट चढायची गरज नाही.